कॉम्प्युटरमधले तण

शेतात तण माजले तर आपण घरात कुणाला बोल लावीत नाही. वाऱ्याने आले, शेणखतातून आले, बियाण्यातून आले, असे म्हणतो आणि खुरपे घेऊन बसतो. गाजर गवताचेच पाहा. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळले. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानतात. पोटासाठी धान्य आणले आणि त्याच्या संगतीने हे आले. आज आमच्या परळीच्या माळावर, बांधावर, रेल्वेच्या कडेला ते सगळीकडे आहे. पण घरातल्या कॉम्प्युटरमध्ये असेच काही शिरले, की आपला पहिला प्रश्न असतो, "कुणी हात लावला होता?" या एका प्रश्नापायी किती नुकसान होते, ते मी आमच्याच घरात पाहिले.

आमचे गाव परळी-वैजनाथपासून जवळच. सोयाबीन, कापूस आणि दोन म्हशी असा आमचा पसारा. कॉम्प्युटर घेतला होता पुतण्याच्या शिक्षणासाठी. तो पुढे लातूरला शिकायला गेला आणि कॉम्प्युटर माझ्या धाकट्या जावेच्या हाती आला. सातबारा काढणे, पीकविम्याचा अर्ज, अनुदानाचे कागद, सगळे तीच पाहते. पूर्वी याच कामांसाठी परळीला खेप घालावी लागे. दिवस मोडे, भाडे जाई आणि रांगेत उभे राहावे लागे ते वेगळेच.

गेल्या पेरणीच्या दिवसांत एका अर्जासाठी सातबारा, आधार आणि पासबुक असे तीन कागद एकाच फाइलमध्ये जोडून हवे होते. तिने शोध घेतला, तर सर्वांत वर 'फुकट जोडा' अशी एक जाहिरात आली. तिने तो प्रोग्रॅम उतरवून घेतला. कागद जोडले गेले, अर्जही गेला. पण गव्हाबरोबर गाजर गवतही घरात आले.

दोन दिवसांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात सूचना येऊ लागल्या, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत'. सातबारा शोधावा तर भलतेच पान उघडे. दिसायला सरकारी, पण कार्डाचा नंबर मागणारे. तिने तो दिला नाही, एवढी ती हुशार. मात्र घरात कुणाला सांगितलेही नाही. भावजी ओरडतील, आत्याबाई म्हणतील, "आधीच सांगत होते, बायामाणसांचं काम नव्हं ते", आणि हाती आलेले एक काम जाईल, ही भीती. आठ दिवस ती गप्प राहिली.

नवव्या दिवशी कॉम्प्युटर भोंग्यासारखा बोंबलू लागला. सगळा पडदा लाल, आणि खाली 'ताबडतोब फोन करा' म्हणून एक नंबर. भावजींनी फोन उचललाच होता. तशी ती पुढे झाली आणि म्हणाली, "अहो, थांबा. तो नंबर चोराचाच असतोय."

तिचे खरे होते. असा फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून कॉम्प्युटरचा ताबा मागतो आणि दुरुस्तीच्या नावाखाली खाते रिकामे करतो. आम्ही वायर काढून कॉम्प्युटर बंद केला. अंबाजोगाईला माझी भाची मुलांना कॉम्प्युटर शिकवते. रविवारी ती एसटीने आली.

तिने आल्याबरोबर कॉम्प्युटर उघडला नाही. आधी भावजींचा फोन घेतला आणि त्यावरून धाकटीच्या ईमेलचा पासवर्ड बदलला. ती म्हणाली, "मावशी, ज्या घरात चोर शिरलाय, त्याच घरात बसून नवं कुलूप घडवायचं नसतं." मग ते ईमेल कुठे कुठे उघडलेले आहे याची यादी तिने पाहिली. त्यात एक कॉम्प्युटर आमचा नव्हता. तो चौथ्या दिवसापासून आत होता.

पासवर्ड नसताना तो शिरला कसा? भाचीने सांगितले, की ब्राउझर, म्हणजे इंटरनेटवर जाण्याचा आपला दरवाजा, आमच्याकडे तो क्रोम आहे, एकदा ओळख पटली की एक शिक्का जपून ठेवतो. जत्रेत हातावर शिक्का मारला की पुन्हा तिकीट विचारीत नाहीत, तसे. काही प्रोग्रॅम हा शिक्काच चोरतात; मग पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. म्हणून पासवर्ड बदलून थांबायचे नाही, 'सर्व ठिकाणांहून बाहेर पडा' हेही दाबायचे. बँकेलाही तिने लगेच कळवायला लावले. आमचे पैसे वाचले, कारण बँकेचे काम त्या कॉम्प्युटरवर होत नसे.

यानंतर खुरपणी सुरू झाली. हरळी वरून कापली तर पुन्हा फुटते. काशी वेचावी लागते. इथेही तसेच. पान बंद करणे म्हणजे वरचे पाते कापणे. मुळे चार ठिकाणी होती. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅमची यादी तारखेने लावली, तर त्याच दिवशी आलेले दोन अनोळखी प्रोग्रॅम सापडले, ते काढले. मग क्रोमची सिंक बंद केली, नाहीतर खात्यातून तेच तण परत येते. एक्स्टेंशनच्या यादीत न मागितलेले एक होते, ते उपटले. सूचना पाठवण्याची परवानगी ज्या अनोळखी पानांना मिळाली होती, ती काढून घेतली. शेवटी क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन 'रीसेट' केले. त्याने सुरुवातीचे पान आणि शोधयंत्र मूळचे होते, एक्स्टेंशन बंद पडतात, पण जपलेले पत्ते आणि पासवर्ड तसेच राहतात. ते पासवर्ड आम्ही मुद्दाम पुसले आणि ट्रंकेतल्या वहीत नवे लिहिले.

मग विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरची 'ऑफलाइन' तपासणी लावली. केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्रही आहे. ते फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले आणि सफाईची साधने फुकट देते. त्याचा पत्ता सी-एस-के डॉट गव्ह डॉट इन. सातबाराच्या पानाचा पत्ताही 'महाभूमी डॉट गव्ह डॉट इन' असाच संपतो. शेवट वेगळा दिसला तर रंगरूप कितीही सरकारी असो, मागे फिरावे.

हे सगळे काम भाचीने सांगितले, पण माऊस धाकटीच्या हाती होता. ही विद्या काही फार मोठ्या शिक्षणाने येते असे नाही. पुण्यात कैलास काटकर शाळा लवकर सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि १९९५ च्या सुमारास त्यातून क्विक हील उभे राहिले. हात घातल्याशिवाय काही येत नाही, एवढेच खरे.

माझ्या मनात मात्र राहिले ते मधले आठ दिवस. धाकटीने दुसऱ्याच दिवशी तोंड उघडले असते, तर चौथ्या दिवशी कुणी परका आत शिरलाच नसता. चोराला वेळ दिला तो तिच्या चुकीने नव्हे, आमच्या धाकाने दिला. चुकीचे बटण कुणाकडूनही दाबले जाते, शिकलेल्या साहेबांकडूनही. पण ते सांगण्याची सोय घरात आहे की नाही, यावर पुढचे सगळे ठरते.

भावजींनाही हे पटले. आता बियाण्याची खरेदी, औषधांची बिले, सगळे धाकटीच मांडते. आत्याबाई अजून कुरकुरतात, पण पेन्शनचा महिना आला की तिच्याचपाशी येऊन बसतात.

मायबहिणींनो, पैसे गेलेच तर लाजून बसू नका. १९३० या नंबरावर त्याच तासाला फोन करा. जितका लवकर, तितके पैसे अडवता येण्याची आशा जास्त. हा नंबर दाराआड खडूने लिहून ठेवा. आणि घरातले कुणी भीत भीत येऊन "काहीतरी वेगळंच दिसतंय" म्हणाले, तर आधी त्याला बसायला पाट द्या.