मुरुडच्या वाटेवरची भीमा

मुरुडहून अलिबागला निघालेली एसटी काशीद, कोर्लई मागे टाकून साळावच्या पुलावर चढते, तेव्हा खाली कुंडलिकेची खाडी पसरलेली असते. डाव्या हाताला समुद्र आणि कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला, उजवीकडे रोह्याच्या दिशेनं आत आत गेलेलं पाणी. ओहोटीला काठचा चिखल उघडा पडतो, कांदळवनाच्या मुळांशी निवटे उड्या मारू लागतात, काठाच्या होड्या एका अंगावर कलंडतात. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला हे सगळं दिसतं. या पाण्यात पंढरपूरच्या वाट्याचं पाणी मिसळलेलं आहे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचं नशीब हातभर अंतरानं बदलतं. पश्चिम उतारावरचा थेंब बघता बघता अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेकडे घरंगळला, तर त्याला अख्खा देश ओलांडायचा असतो. मुळशी खोऱ्यातली मुळा अशीच पूर्ववाहिनी. पुण्यात तिला मुठा भेटते, पुढे दोघी भीमेत जातात; भीमा उजनी, पंढरपूर करत कर्नाटकात कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला.

त्रिपुरासुराशी लढून दमलेल्या शंकराच्या घामातून भीमा उगवली, असं भीमाशंकरला सांगतात. तीच पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते आणि चंद्रभागा होते. आषाढीला लाखो वारकरी आधी तिच्यात बुडी मारतात, पुंडलिकाला हात जोडतात आणि मग विठ्ठलाच्या रांगेला लागतात.

या वाटेवरचं बरंचसं पाणी मुळशीतच अडलं. मुंबईला वीज हवी होती, म्हणून टाटांनी मुळेवर धरण बांधायला घेतलं. बुडणाऱ्या गावांतले मावळे १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहाला बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यातून. लढा तीनेक वर्षं चालला, तुरुंग भरले, आणि तरीही शेतं, देवळं, घरं पाण्याखाली गेली. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी पहिल्या लढ्यांत त्याची गणना होते. कोकणच्या बाजूला मात्र त्याची आठवण फारशी निघत नाही. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. मुळशीचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली कोसळून जनित्रं फिरवू लागलं आणि पूर्वेला निघालेली नदी कुंडलिकेच्या पात्रात उतरली.

कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर डबक्यांवर येतात. कुंडलिका भर वैशाखातही वाहती असते, ती या पाण्यामुळे. भिऱ्याहून सकाळी पाणी सुटलं की कोलाडला राफ्टिंगच्या रबरी होड्या नदीत उतरतात. डोलवहालच्या बंधाऱ्यातून कालव्यांना पाणी जातं आणि उन्हाळी भात उभं राहतं. धाटावचे कारखानेही याच नदीकाठी. तिथून रोहा, आणि मग खाडी. तिच्या मुखाशी चौल-रेवदंड्याचं जुनं बंदर. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ मध्ये इथेच उतरला होता. पलीकडे कोर्लईत आजही काही घरांत पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात.

पश्चिमेला वळवलेल्या या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादानंही १९७० च्या दशकात मर्यादा घालून दिली. पुणे-सोलापूरकडून अधूनमधून मागणी होते, की टाटांच्या धरणांचं पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्यात सोडा. सोलापूरचे दुष्काळ ज्यानं पाहिले आहेत, त्याला ती गैर वाटणार नाही. पण शंभर वर्षांत कुंडलिकेच्या काठानंही या पाण्यावर संसार मांडला आहे. वरून येणारं गोडं पाणी आटलं, तर भरतीचा खार आणखी आत सरकेल. जिताड्यासारखा गोड्या-खाऱ्याच्या सीमेवर वाढणारा मासा तो फरक सर्वांआधी ओळखेल. १९२० च्या दशकात मुळशीकरांना न विचारता नदी वळवली गेली. आता पुन्हा वळवायची चर्चा निघाली, तर त्या बैठकीत पंढरपूरबरोबर रोह्याचा शेतकरी, रेवदंड्याचा कोळी आणि मुळशीतून उठलेल्या घरांची नातवंडं, यांनाही बसायला जागा हवी.