भोंग्याच्या हाकेवरचं घर

दादर, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

लातूर एक्स्प्रेसनं सकाळी सुखरूप पोचलो. यांच्या मावसभावाकडे उतरलो आहोत. चहा घेऊन लगेच हॉस्टेलच्या कार्यालयात जाऊन आले. मला तिघींच्या खोलीत एक खाट मिळेल, पण यांना तिथं राहता येणार नाही. नवरा-बायकोसाठीच्या खोल्या मोजक्याच, आणि त्या केव्हाच भरल्या आहेत. एमबीबीएस, इंटर्नशिप, नीट-पीजीचा अभ्यास एवढं होईतो विशीतली बरीच वर्षं जातात. माझ्याबरोबर एम.डी.ला आलेल्यांत लग्न झालेले बरेच आहेत, काहींना लेकरंही आहेत. तरी हॉस्टेल बांधताना एकट्या विद्यार्थ्याचाच विचार झालेला दिसतो. यांची घाटकोपरच्या शाखेत बदली मिळवायला दोन वर्षं गेली. आता वेगळं राहायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.

परळ, बुधवार

ती. बाबा,
सा. न.

डोंबिवलीला दोन खोल्या इथल्या एका खोलीच्या पैशात मिळतील हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण रात्री साधारण एक ते चार लोकल बंद असतात. दोन वाजता वॉर्डातून फोन आला, एखाद्या बाळाचा श्वास अडकला, तर मी डोंबिवलीहून कशी पोचणार? आणि रात्रभर जागून सकाळी सुटल्यावर तासभर लोकलला लोंबकळून घरी जायचं, पुन्हा तसंच परतायचं, मग झोपायचं कधी? म्हणून आम्ही हॉस्पिटलपासून चालत जाता येईल एवढ्याच टापूत बघतोय: परळ, भोईवाडा, नायगाव, शिवडी.

एजंट पहिला प्रश्न विचारतो, "फॅमिली आहे ना?" हो म्हटलं की चेहरा खुलतो. मी निवासी डॉक्टर आहे, रात्री-अपरात्री येणं-जाणं असतं, हे कळलं की काही घरमालक मागे सरतात. सोसायटीला चालणार नाही म्हणतात. काही ठिकाणी हेवी डिपॉझिट मागतात. म्हणजे मोठी रक्कम एकदम त्यांच्याकडे ठेवायची, दरमहा भाडं द्यायचं नाही आणि घर सोडताना रक्कम परत घ्यायची. तुम्ही त्यासाठी एफडी मोडायचं म्हणता. मोडू नका. माझं विद्यावेतन आणि यांचा पगार यांत दरमहाचं भाडं बसतं. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी करूनच घेऊ. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे.

आईला सांगा, इथल्या फुटपाथवर आपल्या मराठवाड्याची माणसं भेटतात. टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या उपचारांना आलेली, पथारी टाकून राहिलेली. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा कितीतरी कुटुंबांना आसरा देते, पण येणाऱ्यांची रीघ तिच्याही आवाक्याबाहेरची आहे. उपचार मिळतो, पण तो पुरा होईतो राहायचं कुठं, हा प्रश्न रोग्याच्या माथी उरतो. त्यांच्यापुढे माझी अडचण लहान आहे, पण मूळ एकच.

भोईवाडा, शनिवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

घर मिळालं! वन रूम किचन, सव्वादोनशे चौरस फूट. जुनी चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर. यांना सकाळी गर्दीच्या उलट्या दिशेची लोकल मिळेल.

घरमालकीण आजी आता मुलाकडे बदलापूरला असतात. त्यांचे यजमान गिरणीत साचेवाले होते, आणि आजी खाणावळ चालवायच्या. रात्रपाळीचं सांगताना मी जरा चाचरतच होते. त्या म्हणाल्या, "अगं, तिसऱ्या पाळीच्या माणसांना वाढण्यात माझा जन्म गेला. रात्री दार वाजलं म्हणून इथं कोणी दचकत नाही." करारावर त्यांनी तिथंच सही केली.

त्यांच्याकडून ऐकताना एक गोष्ट मनात पक्की बसली. या भागातल्या चाळी गिरण्यांभोवती उभ्या राहिल्या, कारण भोंगा झाला की कामगारानं चालत पोचायला हवं होतं. खोल्या कोंदट होत्या, एकेका खोलीत दाटीवाटीनं माणसं राहायची. तरी कामापाशी माणूस राहिला पाहिजे, एवढं तेव्हा सगळ्यांना मान्य होतं. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, जमिनींवर मॉल आणि टॉवर आले, आणि कामगारांची मुलं बदलापूर-विरारकडे गेली. रात्रपाळी मात्र परळमधून गेली नाही. ती आता हॉस्पिटलांत चालते. नर्स, वॉर्डबॉय, आया, निवासी डॉक्टर ती करतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना या टॉवरांत घर परवडणं शक्य नाही.

हॉस्पिटलजवळचं घर ही डॉक्टरची चैन नाही, ती रोग्याची गरज आहे. सार्वजनिक हॉस्पिटलांनी नवी इमारत बांधताना ऑपरेशन थिएटरइतक्याच गांभीर्यानं विवाहित निवासी डॉक्टरांच्या खोल्या आणि रोग्यांच्या नातेवाइकांची धर्मशाळा आराखड्यात धरली पाहिजे. आम्हाला आजी भेटल्या, पण प्रत्येकाला भेटतीलच असं नाही. निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या बैठकीत मी हे मांडणार आहे, आणि सोबत सह्यांचं निवेदनही देणार आहे.

तुम्ही पुढच्या महिन्यात या. येताना ज्वारी आणा.

तुमची लेक