रिकामा चौथरा

पुतळ्यापुढे गेलो की आपण उभ्या असलेल्या पुरुषाचे नाव वाचतो; त्याच्या पायाशी कोण आहे हे पाहण्याची आपणांस सवय नसते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात १८९४ साली कॅलिफोर्नियाच्या आद्य वसाहतकारांच्या गौरवार्थ एक स्मारक उभारले गेले. त्यातील ‘आरंभीचे दिवस’ नामक भागात तीन आकृती होत्या. जमिनीवर पडलेला तेथील मूळ रहिवासी, त्याच्यावर वाकून आकाशाकडे बोट दाखविणारा फ्रान्सिस्कन पाद्री आणि शेजारी दिमाखात उभा स्पॅनिश गुराखी.

गुराख्याचे आम्हांस फारसे काही वाटले नाही. पण पाद्र्याचे ते बोट! आम्ही मिशनच्या शाळेत वाढलो, मिशनच्याच साहाय्याने पदवीधर झालो. तेव्हा हे परक्याचे प्रकरण म्हणून बाजूस सारणे आम्हांस जमेना. ज्या प्रभूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याचा सेवक पडलेल्यास हात देऊन उठवीत का नाही?

स्पॅनिश पाद्री तेथे मिशने स्थापावयास १७६९ साली आले. बाप्तिस्मा घेतलेल्या रहिवाशास परवानगीवाचून मिशन सोडता येत नसे. पळालेल्यास शिपाई धरून आणीत व फटके देत. परदेशातून आलेल्या रोगांनी माणसे झपाट्याने मेली. पुढे सोन्याच्या लोभाने आलेल्यांनी तर कहर केला. या लोकांचा समूळ नाश होईपर्यंत युद्ध चालू राहील, असे गव्हर्नर पीटर बर्नेट याने १८५१ साली विधिमंडळास उघड सांगितले.

१९९६ साली त्या आकृतींजवळ खुलाशाची पाटी लावण्याचे ठरले. तिच्या मसुद्यात मिशनकाळातील मृत्यूंचा आकडा होता. रोमन कॅथलिक पुढाऱ्यांनी हरकत घेतली व मजकूर सौम्य झाला. आकड्यांविषयी इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा; पण पापांगीकार ही तर आपल्या उपासनेतील नित्याची गोष्ट. ती पाटीवर लिहिताना एवढा संकोच का?

अखेर १४ सप्टेंबर २०१८ रोजी, उजाडण्यापूर्वी, तो भाग तेथून हलविण्यात आला. पुतळा नेल्याने इतिहास पुसला जातो, असे पुष्कळांचे म्हणणे. तो १२४ वर्षे तेथे होता, तेवढ्या काळात त्या पडलेल्या माणसाच्या जमातीचे नाव किती जणांनी विचारले असेल? त्या भूमीचे मूळ लोक ओहलोनी.

२०१९ च्या एप्रिलात मूळ रहिवासी समाजांतील माणसे त्या रिकाम्या चौथऱ्यावर चढली आणि तेथे त्यांची छायाचित्रे घेण्यात आली.