मारणाऱ्याचा हात, बोलणाऱ्याचं तोंड

खासदाराची हजेरी सापडते. त्यानं किती प्रश्न विचारले, कुठल्या चर्चेत भाग घेतला, तेही सापडतं. पण सभागृहात एखादा कायदा मंजूर होत होता, त्या क्षणी तो माझ्या वतीनं 'हो' म्हणाला की 'नाही', हे बहुतेक वेळा सापडत नाही. हे एवढंसं काही मनातून जात नाही.

भिलाईत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न सरोज पांडे यांची कारकीर्द आठवताना हटकून पडतो. त्या दोनदा दुर्गच्या महापौर झाल्या. २००८ मध्ये भिलाईतल्याच वैशाली नगरमधून आमदार, २००९ मध्ये दुर्गच्या खासदार. काही काळ तर तिन्ही पदं एकाच वेळी त्यांच्याकडे होती. २०१४ मध्ये ताम्रध्वज साहूंकडून त्या हरल्या, २०१८ ते २०२४ राज्यसभेत होत्या, आणि २०२४ मध्ये कोरब्यातून लोकसभेला पुन्हा हरल्या. पंचवीसेक वर्षांचा हा प्रवास लिहायला बसलं की पदांची यादी होते, मतांची होत नाही. यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या आधी याच दुर्गमधून अनेकदा निवडून गेलेले चंदूलाल चंद्राकर स्वतः पत्रकार होते, पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलं तरी हेच होईल.

कारण आपल्या संसदेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानानं होतात. अध्यक्ष विचारतात, बाकांवरून 'हां' येतं, मग 'ना' येतं, आणि कुठला आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात. कुणी हरकत घेतली तर लॉबी रिकामी करतात, साडेतीन मिनिटं जाऊ देतात, प्रश्न पुन्हा विचारतात. तरीही कुणी अडून बसलं तर मतविभाजन होतं आणि मग नावं उमटतात. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे मोजणी असतेच. एरवी नाही. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकं मंजूर झाली तेव्हा विरोधकांनी मतविभाजन मागितलं, ते मिळालं नाही, आवाजावर काम झालं. वर्षभरानं, २९ नोव्हेंबर २०२१ रोजी, तेच कायदे चर्चेविना रद्द झाले, तेही आवाजानंच. कायदे आले आणि गेले. दोन्ही वेळा कोण काय म्हणालं ते कुठेच लिहिलेलं नाही.

अशा वेळी मला मामींची एक म्हण आठवते. त्या म्हणायच्या, "मारणाऱ्याचा हात धरता येते, बोलणाऱ्याचं तोंड नाही धरता येत." निंदकांपुढे इलाज चालत नाही, एवढाच तिचा अर्थ. मामी मात्र ती मामांसाठीच वापरायच्या, आणि तीही तक्रार म्हणून.

मामा पोलाद कारखान्यात होते. विदर्भातून आलेल्या आमच्यासारख्या घरांचा सेक्टरमध्ये गणपती असायचा, आणि त्याची वार्षिक सभा. एका सभेत ठराव आला, की यंदापासून नाटक मराठीत नको, हिंदीत करू, म्हणजे बंगाली, तेलुगू, छत्तीसगढी शेजारीही येतील. अध्यक्षांनी विचारलं, "मंजूर?" सगळे म्हणाले, "मंजूर." मामा उभे राहिले. "मला मंजूर नाही. माझं नाव लिहा." सचिव गयावया करत म्हणाले, "कशाला हो, एकमतानं लिहू द्या ना, बरं दिसते." मामा बसेनात. शेवटी इतिवृत्तात लिहिलं गेलं, की ठराव मंजूर, एकाचा विरोध. आणि पुढे मामांचं नाव.

घरी आल्यावर मामींनी ती म्हण ऐकवली. मी तिच्याकडे उलट्या बाजूनं बघत राहिलो. त्या सभेत धरता न येणारं तोंड मामांचं नव्हतंच. त्यांचं तर धरलं गेलं होतं, नावानिशी, शाईनं. धरता आली नाहीत ती बाकीची, 'मंजूर' म्हणून त्या आवाजात मिसळून गेलेली. त्यांतलं एखादं नुसतं हललंही असेल. जो मारतो त्याचा हात निदान दिसतो. संसदेतला हात मात्र बाकावरच्या मतदानाच्या बटणापर्यंत क्वचितच पोचतो.

इथवर मला वाटत होतं, की उत्तर सोपं आहे: प्रत्येक कायद्यावर नावं नोंदवा.

मग शरद जोशी आठवले. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं. तो एक म्हणजे ते. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवणारा, 'लक्ष्मी मुक्ती'तून बायकोच्या नावे जमीन करायला शेतकऱ्यांना तयार करणारा माणूस. राखीव मतदारसंघ चिठ्ठीनं आणि आलटून पालटून ठरवण्याला त्यांचा आक्षेप होता. पण नोंदीत आक्षेप नसतो, '१' असतो. उद्या कुणी फक्त ती नोंद वाचली तर या माणसाबद्दल काय समजेल? तेच विधेयक लोकसभेत कधी मताला आलंच नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर संपलं. दुर्गच्या महिला खासदाराला त्या पाच वर्षांत त्यावर बोट उचलायची वेळच आली नाही. २०२३ मध्ये नवं विधेयक आलं. लोकसभेत ४५४ विरुद्ध २, आणि ज्या राज्यसभेत सरोज पांडे तेव्हा सदस्य होत्या तिथे २१४ विरुद्ध शून्य. लोकसभेतल्या त्या दोघांपैकी एक औरंगाबादचे इम्तियाज जलील; मागासवर्गीय आणि मुस्लीम स्त्रियांना त्यात वेगळा वाटा नाही, हे त्यांच्या पक्षाचं म्हणणं. इथे नावं आहेत, आकडे आहेत. तरी २१४ जणांच्या मनात काय होतं, ते मला यातून कळत नाही. आमच्या सचिवांना हवं होतं तसं एकमत आहे.

आणि व्हिप आहेच. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे सगळी नावं नोंदवली तरी ती नोंद पक्षाची असणार, खाली सह्या फक्त वेगवेगळ्या. व्हिप काढून टाका, असं म्हणावं तर १९९३ चं लाचप्रकरण आठवतं. पैसे घेऊन सभागृहात मत दिलेल्या खासदारांना घटनेचं संरक्षण आहे, असं १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. ते फिरवायला मार्च २०२४ आणि सात न्यायमूर्तींचं पीठ लागलं. शरद जोशी आपल्या पक्षाचे तिथे एकटेच होते, म्हणून मोकळे होते. सगळेच तसे मोकळे झाले तर त्यातून किती शरद जोशी निघतील आणि किती विकाऊ, हे मी सांगू शकत नाही.

मामांबद्दलही माझं मन पूर्वीसारखं ठाम नाही. हिंदी नाटकाला सगळा सेक्टर लोटला, मैदान पुरेना. आमच्या पिढीनं मात्र रंगमंचावरची मराठी तिथेच सोडली. मामा बरोबर होते की चूक? इतिवृत्तात त्यांचं नाव आहे, कारण नाही. कारण कुणी विचारलंही नव्हतं.

पुढच्या निवडणुकीत दुर्गचा उमेदवार दारात आला तर काय विचारायचं, हे मला इतके दिवस पक्कं ठाऊक होतं: तुम्ही सभागृहात कुठे मत दिलंत, किंवा देणार आहात? अजूनही तेच विचारीन बहुधा. पण त्यानं खरं उत्तर दिलं, तरी त्यातून तो माणूस मला किती कळेल आणि त्याचा पक्ष किती, याची खात्री आता वाटत नाही.