मोठ्या कुत्र्यासोबत डोंगर चढताना पिशवीत काय हवं?



हा ब्लॉग माणसांच्या आजारांचा. पण हल्ली सांगोल्यातही बऱ्याच घरांत लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड दिसतात, कारवानी तर आपल्या भागातलंच. पावसाळा संपला की तरुण मंडळी त्यांना घेऊन बाणूरगडाला, शिखर शिंगणापूरला निघतात आणि तपासणी संपल्यावर हळूच विचारतात, "डॉक्टर, कुत्र्यासाठी काय काय घेऊ?" मी पशुवैद्य नाही. पण आमच्या घरी ३२ किलोचा शेरू आहे, आणि त्याच्याबरोबर डोंगर चढताना जे कामी आलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट पाणी

आपल्याला अंगभर घाम येतो आणि तो वाळताना शरीर थंड होतं. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि तेवढ्याने काही भागत नाही. त्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर. अंग जितकं मोठं, लठ्ठ आणि केसाळ, तितकी उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो.

घरी बसलेल्या कुत्र्यालाही दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं. म्हणजे शेरूला जवळजवळ पावणेदोन लिटर. डोंगरावर मी त्याच्या एकट्यासाठी चार लिटर घेतो. आपल्या माणदेशात वाटेत पाणी मिळेलच असं धरून चालू नका, आणि साचलेल्या डबक्याचं पाणी पाजू नका. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि तो कुत्र्याकडून आपल्यालाही होतो. सोबत हलकं पसरट भांडं ठेवा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा.

थर्मामीटर

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे हात लावून ताप कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर गुदद्वारातून लावायचा. तो कुत्र्यासाठी वेगळाच ठेवा, हे सांगायला नको!

धापा थांबत नाहीत, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसतात, चाल अडखळते, अशी लक्षणं दिसली तर तो उष्माघात समजा. तापमान १०४ च्या वर गेलं की चालणं बंद. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, टोपीने, टॉवेलने वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. १०३ पर्यंत उतरलं की पाणी ओतणं थांबवा आणि थेट पशुवैद्याकडे. आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं, हा क्रम विसरू नका.

आपल्या भागातले मेंढपाळ उन्हाच्या दिवसांत भल्या पहाटे कळप हलवतात आणि भर दुपारी सावली धरतात. आपणही तेच करायचं. कातळावर उलटा हात सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसवला नाही तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही.

सोलापुरी चादर

हसू नका, ही पिशवीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे. लहान कुत्रं कडेवर घेऊन उतरता येतं. ३२ किलोचं कसं उतरवणार?

बाणूरगडावर बहिर्जी नाईकांच्या समाधीचं दर्शन घेऊन परतताना शेरूचा पंजा फुटक्या बाटलीच्या काचेने खोलवर कापला. घरातल्या लहान मुलांवरही कधी न गुरगुरणारा हा कुत्रा, पंजाला हात लावताच दात दाखवू लागला. त्याचा दोष नाही, वेदना झाली की कोणताही कुत्रा चावतो, मालकालाही. म्हणून पट्टीची गुंडाळी जबड्याभोवती सैलसर बांधली, जखमेवर स्वच्छ कापड दहा मिनिटं न उचलता दाबून धरलं, आणि चादरीची झोळी करून आम्ही चौघांनी त्याला खाली आणलं. चादर नसती तर ते रक्त वाहतं पाऊल टेकवतच त्याला चालावं लागलं असतं.

कुत्रा उष्णतेने धापा टाकत असेल किंवा उलट्या करत असेल तर मात्र तोंड कधीही बांधू नका. आणि चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा व त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरचा आहे, लस दिलेली आहे, म्हणून परस्पर निर्णय घेऊ नका.

बाकीची पिशवी

गॉज, चिकटपट्टी, पोविडोन आयोडीन, बोथट टोकाची कात्री. बाभळीचे काटे आणि गोचीड काढायला चिमटा. पावसाळ्यानंतर कुसळं बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात, म्हणून उतरल्यावर दोन्ही नीट तपासा. मजबूत दोरी हवीच, कारण माळावर फुरसं, घोणस असतात आणि कुत्रा आधी नाक पुढे करतो. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका. झोळीत घाला आणि निघा. पशुवैद्याचा नंबर आणि १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक फोनमध्ये आधीच ठेवा.

हे त्याला देऊ नका

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या आपल्या गोळ्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात. "अर्धीच दिली" हेही नको. आपल्या खाऊच्या डब्यातले बेदाणे, मनुका आणि द्राक्षं त्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉल असलेलं शुगरफ्री च्युइंगमही नको. त्याच्यासाठी त्याचं रोजचंच खाणं घ्या.

निघण्याआधी रेबीज आणि लेप्टोच्या लसी वेळेवर झाल्यात ना, ते बघा. आणि एक ध्यानात ठेवा: "मी दमलो, परत जाऊ" असं तो कधीच म्हणणार नाही. तुम्ही चालाल तोवर तो चालत राहील. म्हणून कुठे थांबायचं ते तुम्हीच ठरवायचं.

काळजी घ्या, दोघांचीही!