आधी यंत्राची झडती

भौतिकशास्त्र मला पुष्कळांनी शिकवलं. मोजायला शिकवलं ते एकट्या सरांनी. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतले आमचे वरिष्ठ. नाव छापलेलं त्यांना खपणार नाही, म्हणून लिहीत नाही.

आमचा प्रयोग जपानमधला. तिथे त्सुकुबाच्या केईके प्रयोगशाळेत तीन किलोमीटर परिघाच्या कड्यात ८ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन आणि ३.५ जीईव्हीचे पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवत. त्यातून बी मेसॉन आणि प्रति-बी मेसॉनच्या जोड्या निघत आणि ‘बेल’ हा शोधक त्यांचे अवशेष टिपत असे. निसर्ग द्रव्य आणि प्रतिद्रव्याला एकाच मापाने मोजतो का, हा प्रश्न. तो तसं करत नाही, याचं कारण कोबायाशी आणि मासकावा यांनी १९७३ सालीच सुचवलं होतं. २००१ मध्ये बेल आणि कॅलिफोर्नियातला ‘बाबर’ या दोन्ही प्रयोगांनी बी मेसॉनमध्ये ते पडताळलं. २००८ मध्ये कोबायाशी आणि मासकावा यांना नोबेल मिळालं.

माझ्या वाट्याला आला एक साधा दिसणारा हिशेब. बी मेसॉन फुटून धन केऑन आणि ऋण पायॉन हे कण होतात. प्रति-बीचं नेमकं उलट. दोन्ही मोजायचे, वजाबाकी करायची. सरांनी खिशातली पेन्सिल काढून कागदावर दोन रकाने आखले आणि विचारलं, “आपला शोधक कशाचा बनलाय रे?”

“द्रव्याचा.”

“मग तो पंच कसा होईल?”

मेख तिथेच होती. ऋण केऑन शोधकाच्या द्रव्यात धन केऑनपेक्षा जास्त शोषले जातात. ते कमी नोंदले गेले, की निसर्गात नसलेली तफावतही कागदावर दिसते, आणि तीही आपल्याला हव्या त्याच दिशेने. म्हणून सरांनी आधी मला डी मेसॉनांच्या कामाला जुंपलं. त्यांच्या नेहमीच्या क्षयात असा फरक जवळपास नसतोच; दिसला तर तो यंत्राचा. हे माप हाती येईपर्यंत बीचं उत्तर झाकलेलं. मी कुरकुरलो की म्हणायचे, “उत्तर कुठे पळून जात नाही. तू जेवलास का?” आणि डब्यातला मेतकूट-भात पुढे सरकवायचे.

यंत्राचा वाटा वजा करूनही सुमारे ८ टक्क्यांची तफावत उरते. ती निसर्गाची, हे मी आज छातीठोकपणे सांगतो ते सरांच्या त्या हट्टामुळे.

ऋण फेडायचा प्रश्नच नाही. गटात नवी मुलं आली की पहिलं काम म्हणून त्यांना डी मेसॉनच मोजायला देतो. तीही कुरकुरतात.