डाव्या हाताचं म्यान

स्वयंपाकघरातल्या काट्यावर आदल्या दिवशी मी तूरडाळ मोजली होती. त्याच काट्यावर जुना पंचा अंथरून मी रिव्हॉल्वर ठेवलं. तेराशे ग्रॅमच्या थोडं वर, तेही रिकामं. सहा गोळ्या भरल्या की जवळजवळ दीड किलो. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "काटा नंतर घासून ठेव." यापलीकडे या सगळ्या प्रकरणात त्याचा सहभाग नाही. मी मासे आणते, तो कोकम घालून कालवण करतो, असा आमचा करार आहे.

करारातली माझी बाजू अलास्कातल्या अँकरेजपासून साधारण दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर, रशियन नदीत पार पडते. जून-जुलैत तिथे सॉकाय सामन मासे समुद्रातून परतून वर चढत येतात. माणसं खांद्याला खांदा लावून पाण्यात उभी राहतात, आणि मासे आले की मागोमाग तपकिरी अस्वलंही येतात. दोन वर्षांपूर्वी मी मांडीभर पाण्यात उभी असताना समोरच्या काठावरच्या झुडपातून एक मादी दोन पिल्लं घेऊन उतरली. आमच्याकडे बघितलंही नाही तिने. एक मासा उचलला आणि निघून गेली. शेजारच्या मैत्रिणीने दोरा गुंडाळता गुंडाळता सहज कोटाची चेन उघडली. छातीवर चामड्याच्या कोषात मोठं रिव्हॉल्वर होतं. मी तीन वर्षं तिच्यासोबत मासे धरत होते, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे हत्याराचा परवाना काढायचा म्हणजे चपला झिजतात, आणि निवडणूक आली की परवाना असलेली माणसंही आपलं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करून येतात. अलास्कात मात्र 2003 पासून प्रौढ माणसाला हत्यार लपवून बाळगायलासुद्धा वेगळा परवाना लागत नाही. माझी अडचण निराळी होती. एच-वन व्हिसावर असताना शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले, तर इथे बंदूक बाळगणं हाच गुन्हा. ग्रीन कार्ड आलं आणि तो प्रश्न मिटला. मग मी प्रशिक्षण घेतलं, गोळीबाराच्या मैदानावर महिनाभर मनगट दुखवून घेतलं आणि सव्वाचार इंचाच्या आसपास नळी असलेलं, स्टेनलेस स्टीलचं रूगर रेडहॉक विकत घेतलं. गोळी .44 मॅग्नम. 'डर्टी हॅरी'मध्ये क्लिंट ईस्टवुड जिचा एवढा बडेजाव करतो, तीच.

मला वाटलं, अवघड भाग संपला. म्यान काय, कुठलंही मिळेल.

पहिलं मिळालं ते नायलॉनचं, सगळ्या मापांना बसणारं. सगळ्यांना बसणारी वस्तू कुणालाच नीट बसत नाही हे ब्लाउज शिवून घेणाऱ्या बाईला तरी कळायला हवं होतं. रिव्हॉल्वर आत घंटेच्या लोलकासारखं हलत होतं. ते मी जीन्सच्या नेहमीच्या पातळ पट्ट्यात ओवलं आणि सरावासाठी रिकामंच लावून घराजवळच्या टेकडीवर गेले. दहा मिनिटांत पट्टा एका बाजूने उलटा वळला, पँट उजवीकडे वर आणि डावीकडे खाली. येताना एका हाताने कंबर धरून चालत आले. समोरून येणाऱ्या बाईंनी मला दवाखाना कुठे आहे ते सांगितलं.

तेव्हा समजलं की म्यानाच्या आधी पट्टा येतो. एवढं वजन पेलायला दीड इंच रुंद, चामड्याचे दोन थर एकमेकांवर शिवलेला, हातात आडवा धरला तर वाकणार नाही असा पट्टा लागतो. आमच्या पिढीला गोळ्यांचा पट्टा म्हणजे 'शोले'तला गब्बर खडकावरून घासत नेतो तो. तो कमरेला बांधून डोंगर चढायचा असतो हा विचारच आला नव्हता.

मग चामड्याचं मागवलं. ते रेडहॉकसाठीचं आणि सुपर रेडहॉकसाठीचं, असं दोन प्रकारचं मिळत होतं. 'सुपर' म्हणजे जरा चांगल्यातलं, असं समजून मी सुपर घेतलं. आपल्याकडे साबणापासून सिमेंटपर्यंत सुपर म्हणजे तेच असतं की! पण हे सुपर रेडहॉक नावाचं वेगळंच रिव्हॉल्वर निघालं. त्याची चौकट पुढे लांबवलेली असते आणि नळी त्या जाड भागातून बाहेर येते. माझं साधं रेडहॉक त्या म्यानात पुढच्या बाजूने असं डुगडुगलं, की जणू मोठ्या बहिणीची चप्पल घालून धाकटी शाळेत निघाली आहे. शिवाय ते उजव्या हाताचं होतं.

मी डावखुरी आहे. तशी अर्धीच. आजीने जेवण आणि पूजा एवढ्यासाठी माझा उजवा हात घडवला आणि बाकीचा नाद सोडला. त्यामुळे मी उजव्याने जेवते, उजव्याने आरती ओवाळते, आणि लिहिणं, विळी, कात्री, रिव्हॉल्वर सगळं डाव्याने. रिव्हॉल्वर बनवणाऱ्यांनी डावखुऱ्यांचा विचार केलेला नाही. गोळ्यांचं चक्र बाहेर काढायचं बटण डाव्या अंगाला असतं, उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी. मी ते तर्जनीने दाबायला शिकले. म्यानाला मात्र असं फसवता येत नाही.

शेवटी मैत्रिणीने मला पामरजवळच्या एका कारागिराकडे नेलं. म्हातारा, खोगिरं दुरुस्त करणारा, कानाने थोडा कमी. कोणतं रिव्हॉल्वर हे त्याने विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "पाण्यात किती खोल उतरता?" मी म्हटलं, कमरेपर्यंत. दुसरा, "अंगावर काय असतं?" छातीपर्यंतचा रबरी पायजमा, त्यावर पावसाळी कोट. तिसरा, "पाठीवर पिशवी?" हो, कमरेला पट्टा असलेली. त्याने माझ्या नव्या, दोन थरांच्या, महागड्या पट्ट्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हा पट्टा ऑफिसला वापरा."

कमरेला लावलेलं रिव्हॉल्वर पाण्यात बुडणार. बुडालं नाही तर रबरी पायजम्याच्या आत अडकणार, कोटाखाली दडणार, आणि पिशवीचा पट्टा नेमका त्याच्यावर येणार. अस्वल समोर आल्यावर मी आधी पिशवी उतरवू, मग कोट, मग पायजमा? वर माझ्यासारख्या आखूड कमरेच्या बाईला आणखी एक जाच असतो, तो कुठल्या जाहिरातीत सांगत नाहीत. पुरुषांच्या मापाचं म्यान कमरेला उंच बसलं की मूठ बरगडीत रुतते, आणि नितंबाच्या उतारामुळे वरचा भाग अंगात घुसतो. खाली लोंबतं घेतलं तर गाडीत बसता येत नाही. मांडीपर्यंत खाली बांधलेली ती ऐटबाज म्यानं बरीचशी हॉलिवूडची देणगी आहे, हे म्हाताऱ्यानेच सांगितलं. खरे गुराखी घोड्यावर बसायचे, त्यांची म्यानं कमरेला वरच असायची.

त्याच्या भिंतीवर नमुने टांगलेले होते. एक फार देखणं, आटोपशीर, टॉम थ्रीपर्सन्स पद्धतीचं. 1920 च्या दशकात टेक्सासमधल्या एल पासोत कायद्याचं काम करणाऱ्या या माणसाच्या नावाने ते ओळखलं जातं आणि टिओ सॅम मायर्स नावाच्या खोगीरवाल्याच्या दुकानातून ते प्रसिद्ध झालं. त्यात चाप उघडा राहतो, म्हणजे उपसताना बोट पटकन पोचतं. मला तेच हवं होतं. म्हाताऱ्याने कोपऱ्यातली वाळकी काटकी उचलली आणि चापाच्या फटीत घातली. "झुडपातून चालता ना?" एवढंच बोलला. मी निमूट पुढच्या नमुन्याकडे वळले.

काखेत आडवं बसणारं म्यानही बाद झालं, कारण त्यात नळीचं तोंड मागे असतं, आणि नदीवर माझ्या मागे नेहमी कुणी तरी डबा उघडून बसलेलं असतं. उरलं छातीवरचं. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यातल्या अमेरिकन सैनिकांना अडचणीच्या जागेत बसून पिस्तूल काढता यावं म्हणून ते छातीवर बांधत. अलास्कात मासे धरणाऱ्यांची गरज तीच, फक्त रणगाड्याऐवजी रबरी पायजमा.

"चामडं आठ-नऊ औंसांचं लावतो," तो म्हणाला. मी मनातल्या मनात ग्रॅम करून बघितले आणि घाबरले. एवढ्याशा चामड्यात दीड किलो? मग कळलं, इथे औंस हे जाडीचं माप आहे. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. आठ-नऊ औंस म्हणजे सव्वातीन ते साडेतीन मिलिमीटर. जाडी औंसात मोजणाऱ्या देशात मी मुलाला गणित कसं शिकवणार, हा वेगळा विषय.

मग त्याने चामड्याचा तुकडा माझ्या हातात दिला, आणि त्या दुपारी पहिल्यांदा मला काहीतरी ओळखीचं भेटलं. झाडाच्या सालीने कमावलेलं गाईचं चामडं. मी ते नाकाशी नेलं. थेट कोल्हापूरचं सुभाषनगर! आमच्याकडे कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. नव्या चपलेचा तो वास घरभर आठवडा राहतो. म्हाताऱ्याला हे सांगितल्यावर तो खूश झाला आणि क्रोमने कमावलेलं मऊ चामडं बंदुकीला का चालत नाही ते बराच वेळ सांगत बसला. त्यातले क्षार पोलादाला डाग पाडतात. शिवाय ते मऊच राहतं, आकार धरत नाही. सालीने कमावलेलं चामडं ओलं करून रिव्हॉल्वरवर दाबून बसवलं की वाळल्यावर तोच आकार पक्का धरतं. दाबायला खरं रिव्हॉल्वर वापरत नाहीत. त्याच्याकडे फळीवर निळ्या रंगाची, भरीव, हुबेहूब पिस्तुलं ओळीने मांडली होती. मी आधी ती नातवाची खेळणी समजले होते.

सहा आठवड्यांनी म्यान तयार झालं. रेडहॉकच्या मापाचं, डाव्या हाताचं, चाप पूर्ण झाकलेला, रिव्हॉल्वरच्या घोड्यावरून एक पट्टी आणि ती अंगठ्याने उघडायचं बटण. छातीवर नव्हे, जरा खाली, बरगड्यांवर बसवलेलं; बायकांना तिथेच बसतं, तो म्हणाला. आत रिव्हॉल्वर घातलं आणि निघेचना. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा कुठे सुटलं. म्हातारा म्हणाला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवा. रिकामं. सैल होईल तेवढंच होऊ द्या. तेल लावाल तर माझ्याकडे परत येऊ नका.

रात्री कोल्हापूरला आप्पांना फोन केला. त्यांचा सल्ला अर्थातच, "खोबरेल लाव की, चावायचं थांबंल." मी समजावलं की चप्पल मऊ व्हायला हवी आणि हे कडक राहायला हवं, तेल प्यायलं की पकड जाते. मग त्यांनी मूळ प्रश्न विचारला. "आणि मारलंस अस्वल, तर पुढं काय?" नियम असा आहे की जीव वाचवायला अस्वल मारलं, तर त्याचं कातडं आणि कवटी काढून सरकारजमा करायची आणि पंधरा दिवसांत अर्ज भरायचा. आप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे मारायचं बी तूच आणि सोलायचं बी तूच? अगं, मासे बाजारात मिळत नाहीत काय तिकडं?"

त्यांची शंका रास्त आहे, आणि आकडेही त्यांच्याच बाजूने बोलतात. अलास्कातल्या 1883 ते 2009 या काळातल्या, बंदूक जवळ असलेल्या 269 घटना टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो वगैरे अभ्यासकांनी तपासल्या. बंदूक वापरणारे आणि न वापरणारे यांच्या वाट्याला आलेल्या परिणामांत त्यांना फरक दिसला नाही. त्याआधीच्या 83 घटनांच्या अभ्यासात मिरचीच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलांना शंभरात ब्याण्णव वेळा थोपवलं होतं. म्हणून उजव्या कमरेला माझ्याकडे फवाऱ्याचा डबा असतो आणि आधी हात तिकडेच जायचा, असं मी घोकून ठेवलंय. दीड किलोच्या रिव्हॉल्वरपुढे त्याचं वजन जाणवतही नाही. तरी रिव्हॉल्वर का, असं विचाराल तर त्या मादीची दोन पिल्लं डोळ्यांसमोर येतात. यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

या जुलैत चार फेऱ्या झाल्या. फवारा निघाला नाही, रिव्हॉल्वर निघालं नाही. घरी आल्यावर रिव्हॉल्वर पुसून कुलपाच्या पेटीत आणि म्यान वेगळं, खुंटीवर, कारण चामडं ओल धरून ठेवतं आणि स्टेनलेसलाही डाग पडतो. पण ऐन गर्दीत एका वळणावर मला वेगळीच गोष्ट लक्षात आली. गळ मी डाव्याच हाताने धरते. म्हणजे उपसायचा हात कायम गुंतलेला. आता आजीने घडवलेल्या उजव्या हाताला गळ धरायला शिकवते आहे, आणि तो अजून जेवणाच्या पलीकडे काही शिकायला तयार नाही.

कुणी डावखुरं माणूस हे वाचत असेल आणि त्याला अशा उद्योगात पडायचंच असेल, तर दोन विनंत्या. ऑर्डर देताना 'डावा' हा शब्द दोनदा लिहा. आणि रिव्हॉल्वरच्या नावात नसेल, तर 'सुपर' एकदाही लिहू नका.